सासवड ते खानापूर: जुनी पिकअप चालवत घरी आणायची तर

जुनी गाडी घेणाऱ्याला एक घाई असते. पैसे मोजून झाले, चावी हातात आली की त्याच दुपारी गाडीचं तोंड घराकडे वळवायचं असतं. गावात फोन गेलेला असतो, आईनं लिंबं आणि नारळ काढून ठेवलेला असतो. मीही असाच निघालो होतो. सासवडजवळ एका शेतातल्या शेडमध्ये महिंद्राची एफसी-१५० पेट्रोल पिकअप मिळाली, १९६९ सालची. आठ वर्षं जागची हललेली नव्हती. विकणारा म्हणाला, "हाफ सेल्फमध्ये चालू होते." झालीही. शेडच्या फाटकापाशी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला गेलं आणि गाडी कडब्याच्या गंजीत घुसली. गंज होती म्हणून बरं, तिच्यामागं विहीर होती.

त्यानंतर ती गाडी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी यायला अकरा दिवस लागले. नऊ सासवडात, दोन रस्त्यावर. पुढं जे लिहिलंय ते त्या नऊ दिवसांतलं आहे, आणि त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी गाडी थांबली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, मग चालली पाहिजे. रंग, क्रोम, सीटकव्हर हे घरी आल्यावर.

कागद आधी

आरसी बुक आणि चासी समोरासमोर धरून नंबर ताडून बघा. चासी नंबर गंजात बुडालेला असतो. वायर ब्रश आणि थोडं डिझेल लावून घासा, पुसट असला तर खडू फिरवा. इंजिन नंबरही बघाच, कारण त्या काळातल्या कितीतरी पेट्रोल गाड्यांत नंतर डिझेल इंजिनं बसवली गेली आणि आरसीवर मात्र 'पेट्रोल'च राहिलं. असं असेल आणि बदलाची नोंद नसेल, तर आरटीओत ते प्रकरण तुमच्या गळ्यात येतं. किंमत ठरवायच्या आधी हे कळलेलं बरं.

गाडी खासगी नोंदवलेली आहे की मालवाहू, हा दुसरा प्रश्न. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. मालवाहू असेल तर एवढ्या जुन्या गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी लागते. नोंदणीची मुदत किंवा पासिंग संपलं असेल, तर ती गाडी चालवत आणायचा विचार सोडा, ट्रकवर चढवून आणा. विमा नसेल तर किमान थर्ड पार्टी विमा चाक फिरायच्या आधी. पीयूसीही हवीच. जुनी पुस्तकी आरसी असेल तर गाडी सरकारच्या ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत चढली आहे का हे मोबाइलवर नंबर टाकून बघा. नसेल तर आधी विकणाऱ्याकडून त्याच्या आरटीओत नोंद चढवून घ्या. नाहीतर विमा, फास्टॅग, एनओसी (गाडी दुसऱ्या आरटीओकडं न्यायचा ना-हरकत दाखला), सगळंच अडतं.

आपल्याकडं गाडी महाराष्ट्रातून कर्नाटकात येते, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या आणि फॉर्म २८ वर त्याच्या आरटीओची एनओसी. सह्या तिथंच घ्या. "पाठवतो नंतर" म्हणणारा माणूस नंतर फोन उचलत नाही. मालकी बदलाचा अर्ज घेणाऱ्यानं ३० दिवसांत करायचा असतो, विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस. गाडी एमएच नंबरवर आपल्या घरी उभी राहू शकते, पण १२ महिन्यांहून जास्त काळ ठेवायची असेल तर केए-२२ किंवा जो तुमचा असेल तो नंबर घ्यावाच लागतो.

'व्हिंटेज' या शब्दाची हौस असणाऱ्यांसाठी एक सूचना. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, फारसे फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण मग ती रोज वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच. शेतातून काजू किंवा भाताची पोती आणायचा विचार असेल तर तिकडं वळू नका.

ब्रेक

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ऑइलची लाइन एकच. आजच्या गाडीत एक बाजू गळाली तरी दुसरी बाजू धरते. इथं कुठल्याही एका चाकात गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. हँडब्रेक त्यात मदत करत नाही. तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गियरपेटीच्या) मागं शाफ्टवर धरतो, गाडी उभी करायला ठीक आहे. धावत्या गाडीत ओढलात तर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, तुटायची भीती.

म्हणून चारही ड्रम उतरवा. अर्धवट नाही, चारही. व्हील सिलिंडरच्या रबराची घडी बोटानं उलटी करा, आत ओल किंवा काळा चिखल दिसला तर सिलिंडर गेलेला. माझ्या गाडीत चारपैकी तीन गेलेले होते आणि चौथा जाम होता. मी चौथा ठेवायचा म्हणत होतो. तिथले म्हातारे मेस्त्री बोलले, "तीन पोरांना नवी चड्डी आणि चौथा उघडा ठेवणार का?" चारही बदलले. मास्टर सिलिंडरचं किट, तीन रबरी होज आणि व्हील सिलिंडर पुण्यात नाना पेठेत मिळाले. होज वरून धडधाकट दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. मग ब्रेक लागतो पण सुटत नाही आणि ड्रम तापून वास मारतो. होज बदलताना हिशेब करू नका.

ब्रेक ऑइल सीलबंद डबीतलंच घ्या. उघडी डबी हवेतली ओल ओढते, ती ओल उतारावर तापली की वाफ होते आणि पेडल पुन्हा तळाला. आणि कुणीही कितीही छातीठोक सांगितलं तरी त्यात इंजिन ऑइल घालू नका, रबरं फुगून बसतात. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. झाल्यावर पेडल जोरात दाबून दोन मिनिटं धरून ठेवा. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठंतरी अजून गळतंय.

चाकं आणि एक उलटा आटा

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. '३५१४' म्हणजे २०१४ सालचा ३५ वा आठवडा. उभ्या गाडीचे टायर नक्षीवरून ओळखू नका, माझ्या टायरवर नक्षी नवी होती आणि बगलेला नखानं उकरल्यावर भेगा उघडत होत्या. सात-आठ वर्षांवरचे असतील तर पाचही बदला, स्टेपनीसकट. ६.०० बाय १६ चा आकार अजून मिळतो. ट्यूब आणि फ्लॅपही नवीन घ्या.

आता आटा. त्या काळातल्या जीप घराण्यातल्या कित्येक गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, म्हणजे सुटताना उजवीकडं फिरतात. पंक्चरवाल्या पोराला हे ठाऊक नसतं. माझ्यासमोर एकानं पाइप लावून दोन स्टड मोडले आणि वर म्हणाला, "मालक, गंजलंय." स्टडच्या टोकावर कधी कधी 'एल' कोरलेला असतो, तो शोधा.

पेट्रोल

आठ वर्षांच्या पेट्रोलला वार्निशचा वास येतो. टाकी उतरवून सगळं ओतून टाका, आत टॉर्च मारून बघा. गंजाचे पापुद्रे असतील तर मूठभर खडी घालून टाकी हलवून धुवा, पुन्हा पुन्हा, पाणी निवळ येईपर्यंत. मग दोन दिवस उन्हात. इंजिनच्या फ्युएल पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर बसवा आणि दुसरा तसाच डॅशमध्ये ठेवा. मला तो कराडच्या अलीकडं लागला.

आता पंपावर मिळतं ते पेट्रोल बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. संकेश्वर-चिकोडी भागातला ऊस जातो कुठं, तर काही भाग असा आपल्याच टाकीत येतो. पण १९६९ सालच्या रबरानं हे कधी चाखलेलं नाही. फ्युएल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची कॉर्कची पॅकिंग, जुने होज हळूहळू मऊ पडतात, मग पेट्रोल गळतं. एफसीमध्ये इंजिन ड्रायव्हर आणि बाजूच्या माणसाच्या मधोमध, केबिनमध्येच असतं, त्यामुळं गळती म्हणजे मांडीला लागून गळती. पंपाचा पडदा आणि सगळे होज इथेनॉल चालणारे बसवा. आग विझवायचा लहान सिलिंडर पायाशी ठेवा, मागच्या हौद्यात नको.

इंजिन जागं करणं

लगेच सेल्फ मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी वरच्या गियरमध्ये टाकून दोघांनी हळू ढकला. इंजिन फिरत असेल तर प्लग न लावताच सेल्फ मारा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. मग प्लग. जुनं ऑइल आणि फिल्टर बदला, चालू झाल्यावर पहिल्या दिवसानंतर पुन्हा एकदा बदला, कारण पहिलं ऑइल आतला सगळा काळा गाळ उचलून आणतं.

डेल्कोत (डिस्ट्रिब्युटरमध्ये) पॉइंटची फट ०.५ मिमी, प्लगची ०.७५ मिमी, आणि फायरिंग १-३-४-२. हे आकडे डॅशबोर्डवर पेन्सिलनं लिहून ठेवा. रस्त्यात मदतीला येणारे सगळे कार्ब्युरेटरकडं बोट दाखवतात आणि दोष बहुतेकदा पॉइंट-कंडेन्सरमध्येच असतो. गरम इंजिनला आयडलवर ऑइल प्रेशर ६ पौंडापर्यंत उतरलं तरी घाबरायचं कारण नाही. पन्नासच्या वेगाला २० पौंडाच्या खाली राहत असेल तर मात्र निघूच नका.

थंड ठेवणं

रेडिएटर उलट्या बाजूनं पाणी सोडून धुवा. आपल्याकडं बोअरचं पाणी घालायची सवय आहे आणि त्या क्षारानं आतल्या नळ्या किटलीच्या तळासारख्या होतात. बाहेरून हात फिरवताना रेडिएटर एका भागात गार आणि बाकी गरम लागला तर तो भाग चोंदलेला, उतरवून रॉडिंग करून घ्या, म्हणजे नळ्यांत सळई फिरवून त्या मोकळ्या करून घ्या. वरचा-खालचा होज, पट्टा, रेडिएटरची टोपी नवी. पट्टा अंगठ्यानं दाबून साधारण अर्धा इंच खाली जावा. वॉटर पंपाखाली थेंब दिसत असेल तर आजचा थेंब खंबाटकीच्या घाटात धार होतो.

बाकी गोष्टी भराभर. बॅटरी नवी घ्या, पण आधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची हे बघा. डायनामो आयडलला चार्ज करत नाही, म्हणून टोलच्या रांगेत दिवे आणि हॉर्न जपून. अर्थची तार चासीला लागते तिथला गंज घासा, निम्मी विजेची दुखणी तिथंच असतात. ग्रीस गन घेऊन गाडीखाली झोपा आणि दिसेल ते निपल भरा, शाफ्टचे क्रॉस विसरू नका. गियर, ट्रान्स्फर आणि दोन्ही अॅक्सलच्या हौसिंगमधलं ऑइल बघा. जुन्या ऑइलचा रंग चहासारखा दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. स्टिअरिंगला चार बोटांहून जास्त खेळ असेल तर किंगपिन आणि टाय रॉडचे शेवट तपासून घ्या.

हौद्यात वाळू

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एफसी-१५० ची चाकं जवळ, आणि ड्रायव्हर, इंजिन, केबिन, सगळं पुढच्या अॅक्सलवर. रिकाम्या गाडीत ब्रेक जोरात दाबला की मागची चाकं उचलल्यासारखी हलकी होतात आणि गाडी नाकावर झुकते. मूळच्या विलीज कंपनीलाही हे कळलं होतं, त्यांनी मागं वजन घातलं होतं. आपण वाळूची पोती घालायची. मी चाळीस-चाळीस किलोची चार पोती मागच्या अॅक्सलच्या वर, मागच्या फळीला न टेकवता, दोरानं आवळून बांधली. फरक पहिल्याच वळणावर कळतो. सुटी ठेवलेली पोती ब्रेक लागला की केबिनच्या पाठीत येतात, म्हणून गाठ दोनदा बघा.

पन्नास किलोमीटरची फेरी

सगळं झालं म्हणून निघू नका. विकणाऱ्याच्याच गावाभोवती पन्नास किलोमीटर फिरवा, एका दमात नाही, दहा-दहाच्या पाच फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर उतरून चारही ड्रमवर हात ठेवा. एक बाकीच्यांहून जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. चाकाचे नट पुन्हा आवळा. खाली पुठ्ठा अंथरून रात्रभर कुठं काय गळतं ते बघा. माझ्या तिसऱ्या फेरीत कंडेन्सर गेला, चौथीत पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग ओरडू लागलं. दोन्ही सासवडात दुरुस्त झालं. हायवेवर झालं असतं तर दिवस गेला असता.

सोबत काय घ्यायचं: पॉइंट, कंडेन्सर, रोटर, दोन प्लग, पट्टा, फिल्टर, होज क्लिप, ट्यूब, दोन लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलची सीलबंद डबी, वीस लिटर साधं पाणी, जॅक आणि त्याखाली ठेवायला फळी, चाकाला लावायला दोन लाकडी उटी, बाइंडिंग वायर, लाल त्रिकोण. आणि मागं येणारी दुसरी गाडी. माझा मावसभाऊ दोन दिवस स्कूटरसारख्या वेगानं माझ्यामागं आला आणि अजून ते ऐकवतो.

रस्ता

पावसाळ्यात आणू नका, जून ते सप्टेंबर आमच्या खानापूर भागात ड्रममध्ये पाणी जायला वेळ लागत नाही. ऊस गाळपाच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, दिवस मावळला की थांबा. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागं दिवा नसताना चालतात आणि आपले हेडलाइट तर डायनामोच्या कृपेवर.

सासवडहून नारायणपूर-कापूरहोळ मार्गे हायवेला लागलो. तिथून पुढं आनेवाडी, तासवडे, किणी, कोगनोळी, हत्तरगी असे टोल. फास्टॅग आधीच काढून ठेवा. वेग पन्नास, फार तर पंचावन्न, डावी लेन. या गाडीचं गियरिंग शेतासाठी आहे, सत्तरला इंजिन किंचाळतं. ट्रान्स्फरचा दांडा दोन चाकांवरच ठेवा, कोरड्या डांबरावर चार चाकं जोडली तर गियर एकमेकांना पिळतात. सातारा ते कागल पट्ट्यात सहापदरीकरणामुळं जागोजागी वळण रस्ते आहेत, तिथं खड्डे चुकवण्यापेक्षा हळू जाणं सोपं.

पहिली परीक्षा खंबाटकी. मी आलो तेव्हा पुण्याकडून येताना बोगदा नव्हता, घाट चढावाच लागला. पायथ्याशी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यात थांबून पाणी बघा, टोपी गार असतानाच. दुसऱ्या गियरमध्ये एकसारखं चढा, ट्रकच्या मागं लागलात तर लागलात. इंजिन मध्येच गुदमरून बंद पडलं आणि पेट्रोल असूनही उचलत नसेल तर पाइपात वाफ झाली आहे. फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका, पंधरा मिनिटं बसा. उतरताना चढलात तोच गियर, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. थोडं दाबायचं आणि सोडायचं.

मुक्काम कोल्हापुरात केला, पाहुणचारासाठी नव्हे. उद्यमनगरात लेथ, वेल्डिंग, जुने सुटे भाग, सगळं एका हाकेवर आहे, काही बिघडलं असतं तर तिथं दुरुस्त झालं असतं. बेळगावात उद्यमबाग आहेच, पण तिथवर पोचायला मध्ये तवंदीचा घाट आहे. दुसऱ्या दिवशी सहाला निघालो, कोगनोळी ओलांडली, निपाणीत चहा आणि ड्रमवर हात. तवंदी आणि पुढं वंटमुरी खंबाटकीपेक्षा सोपे वाटतात आणि तिथंच माणूस ढिला पडतो. जड ट्रक तिथं वेगात असतात. संकेश्वरच्या पुढं पंक्चरवाला शोधायचा असेल तर "पंक्चर अंगडी एल्लैती?" (पंक्चरचं दुकान कुठंय?) एवढं कन्नड पुरतं, उत्तर बऱ्याचदा मराठीतच येतं.

बेळगाव ते खानापूर सव्वीस किलोमीटर. घर जवळ आलं म्हणून या टप्प्यात पाय जड होतो. मी वाटेत एकदा उगाच थांबलो, ड्रमला हात लावला, पाणी बघितलं.

घरी आल्यावर गाडी धुऊ नका. गार होऊ द्या, खाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी कुठं किती थेंब पडलेत ते बघा. चाकांचे नट पुन्हा आवळा, डावीकडचे उलटे आहेत हे आठवून. वाळूची पोती सोडू नका, गावातल्या उतारावरही ती लागतात. आणि त्याच आठवड्यात एनओसी घेऊन आरटीओत जा, तीस दिवस जुन्या गाडीच्या नादात कधी संपतात कळत नाही.